दोरी, ड्रम आणि पट्टे: ओकेएन तपासणी प्रत्यक्षात कशी होते

सरकते पट्टे बघताना डोळे आपोआप हलतात, ती हालचाल म्हणजे ओकेएन. ती तपासायला आमच्या खोलीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा फिरता ड्रम आहे. त्याला एक सुती दोरी बांधलेली आहे आणि दोरीला दोन गाठी आहेत. पहिली गाठ गालाच्या हाडाला टेकली, की ड्रमचा पुढचा पृष्ठभाग डोळ्यापासून २८.५ सेंटिमीटरवर येतो. दुसरी टेकली, की ५७ सेंटिमीटरवर. दोरी मधल्या दांड्याला बांधलेली असल्यामुळे ड्रमची ८ सेंटिमीटर त्रिज्या धरून गाठी ३६.५ आणि ६५ सेंटिमीटरवर मारल्या आहेत. पाहुण्या डॉक्टरांना हा प्रकार थोडा गावठी वाटतो. पण ५७ सेंटिमीटरवर १ सेंटिमीटर म्हणजे १ अंश, हा हिशेब एकदा हाती आला की वेग, पट्ट्याची रुंदी, दृष्टीचा अंदाज, सगळं तोंडी मांडता येतं. ड्रम कधी हातभर अंतरावर आणि कधी नाकासमोर धरला, तर त्याच पेशंटचे दोन दिवसांचे दोन निकाल येतात आणि मग पेशंट बदलला की आपला हात बदलला, हे कळायला मार्ग उरत नाही.

ज्या हालचालीसाठी हे सगळं करायचं, ती लोकलमध्ये कुणीही पाहू शकतं. खिडकीतून बाहेर बघणाऱ्या समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे लक्ष द्या. रुळांच्या कडेचे खांब मागे जात असतात, डोळे खांबाबरोबर हळू सरकतात, मग झटक्याने उलटे येऊन पुढचा खांब पकडतात. त्या माणसाला याचा पत्ताही नसतो. याला ऑप्टोकायनेटिक निस्टॅग्मस, थोडक्यात ओकेएन, म्हणतात. हळू सरकणं हा त्यातला हळू टप्पा, उलटा झटका हा जलद टप्पा. जुनं नाव रेल्वे निस्टॅग्मस. यान पुर्किन्ये यांनी १८२५ मध्ये याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांच्यासमोर आगगाडी नव्हती, घोडदळाचं संचलन बघणारे लोक होते. पट्ट्यांच्या ड्रमला आजही बारानी ड्रम म्हणतात, ते रॉबर्ट बारानी यांच्यावरून. कानातल्या तोलयंत्रणेवरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

आता ड्रम. विकतचा चांगला असतो, पण घरी केलेला कमी नसतो. त्यासाठी १६० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप, २५ सेंटिमीटर लांबीचा. त्याचा घेर ५०२.७ मिलिमीटर. त्यावर १२ काळे आणि १२ पांढरे पट्टे बसवले की प्रत्येकी साधारण २१ मिलिमीटर, म्हणजे ५७ सेंटिमीटरवरून २ अंशांहून किंचित जास्त. एवढी लांब पट्टी ए-थ्री कागदावर मावत नाही, दोन कागद जोडले तर दोन जोड येतात. म्हणून फ्लेक्सवाल्याकडून मॅट व्हिनाइलवर एकसंध पट्टी छापून घ्यावी. चकचकीत नको: ट्यूबलाइटचं प्रतिबिंब ड्रमवर एका जागी स्थिर दिसतं आणि पेशंट नेमका त्यालाच धरून बसतो. मग खाली पट्टे कितीही फिरोत, डोळे ढिम्म. जोड नेहमी काळ्या पट्ट्यात घ्यावा. काळ्यावर काळा दोन मिलिमीटर चढला तर दिसत नाही. पांढऱ्यात केसाएवढी फट राहिली तरी दर फेरीला तीच डोळ्यांत भरते, आणि त्या क्षणी पडणारा मोठा झटका रेकॉर्डमध्ये आजार असल्यासारखा दिसतो.

दोन्ही तोंडांना १२ मिलिमीटर प्लायच्या चकत्या, चकत्यांच्या मध्यावर ६०८ नंबरची बेअरिंग, त्यातून ८ मिलिमीटरचा दांडा. बेअरिंगचं भोक ८ आणि बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर असतो, त्यामुळे प्लायला २२ चंच भोक घट्ट बसेल असं पाडायचं. भोक मध्यातून सरकलं की ड्रम लंगडतो. तपासायला सोपी युक्ती आहे: पेनचं टोक पृष्ठभागाजवळ स्थिर धरून ड्रम फिरवा. फट एका फेरीत मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-अधिक होत असेल तर चकती पुन्हा करा.

हाताने टिचकी मारून ड्रम सोडून देणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. सुटलेला ड्रम सुरुवातीला सुसाट जातो आणि मंदावत थांबतो. उजवीकडची टिचकी जोरात, डावीकडची हलकी पडली की डोळ्यांतही तसाच फरक दिसतो, आणि त्याला आपण डोळ्यांतली विषमता म्हणतो. बोटं ड्रमवरून उचलायची नाहीत, वरच्या चकतीला धरून सारखं फिरवत राहायचं. मनात मोजून तीन सेकंदांना एक फेरी झाली की घेराच्या हिशेबाने सेकंदाला पावणेसतरा सेंटिमीटर, म्हणजे ५७ वर साधारण १७ अंश वेग मिळतो. सहा सेकंदांना एक फेरी केली तर ८ अंश. तोच ड्रम २८.५ वर आणला की अंश दुप्पट. हात भरवशाचा नसेल तर १२ व्होल्टची, मिनिटाला ३० फेऱ्यांची गिअर मोटर आणि वेग कमी करायला रेग्युलेटर लावा. पूर्ण वेगाला ती ५७ वर २५ अंश देते. मोटर घरघरते, त्याने फरक पडत नाही. बाळं मात्र आवाजाकडे वळून बघतात.

ड्रम उचलण्याआधी पाच मिनिटं बाकीचं बघून घ्यावं. समोर नुसतं बघताना डोळे आपोआप हलतात का, डावी-उजवीकडे बघताना झटके येतात का, बोटाच्या मागे नजर सलग जाते का, दोन बोटांमध्ये पटकन उडी मारता येते का. हे टाळून थेट ड्रम फिरवला तर आधीपासून असलेला निस्टॅग्मस ड्रमच्या खात्यावर जमा होतो. झोपेच्या, अपस्माराच्या, चक्करच्या गोळ्या विचाराव्यात. क्लोनाझेपाम आणि फेनिटॉइन दोन्हींनी हळू टप्पा ढेपाळतो. रात्रीचं जागरणही तेच करतं. पट्ट्यांनी फिट येण्याचा किंवा अर्धशिशी उठण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ड्रम काढायचाच नाही. लांबचा मोठा नंबर असेल तर चष्मा ठेवावा, मात्र फ्रेमची कड ड्रमच्या मधोमध येत नाही ना, ते पाहावं.

सूचना काय देता, यावर अर्धा निकाल ठरतो. ‘काका, एकेक काळा पट्टा समोर आला की मनात मोजा’ म्हटलं की डोळे पट्ट्यामागे लांबवर जातात आणि मोठ्या उडीने परततात. ‘नुसतं ड्रमकडे बघत राहा, कुठल्याच पट्ट्यामागे जाऊ नका’ म्हटलं की झटके लहान पण भराभर येतात. पहिल्या प्रकारात परस्यूटचा, म्हणजे जाणूनबुजून मागे जाण्याचा, वाटा मोठा असतो. दुसरा खरा अनैच्छिक. तसं पाहिलं तर हातातला ड्रम ५७ सेंटिमीटरवरून साधारण १४ अंशच रुंद दिसतो, त्यामुळे त्यावर मुख्यतः परस्यूटच तपासला जातो, हे पुस्तकी वाटलं तरी लक्षात ठेवावं. मोठ्या माणसांना आम्ही मोजायला सांगतो, कारण त्यांचं लक्ष टिकतं. कुठली सूचना दिली ते कागदावर लिहावं आणि दुसऱ्या बाजूला तीच द्यावी.

प्रत्येक दिशेला २० ते ३० सेकंद पुरतात. मधल्या १० सेकंदांतले झटके मोजायचे, पहिले काही सोडून द्यायचे. बघणाऱ्याने ड्रमच्या मागून वाकून नव्हे, तर किंचित वरून आणि बाजूने बघावं. फोनवर सेकंदाला १२० चित्रांनी शूटिंग केलं तर नंतर सावकाश पाहता येतं. डोळ्यांबरोबर ड्रमची कड चित्रात असू द्या, नाहीतर संध्याकाळी पट्टे कुठे जात होते यावर वाद होतो.

तो वाद नेहमीचाच. निस्टॅग्मसला नाव जलद टप्प्यावरून पडतं. पट्टे पेशंटच्या डावीकडे गेले की हळू टप्पा डावीकडे, झटका उजवीकडे, म्हणून तो उजवा निस्टॅग्मस. त्यात समोर बसलेल्याची डावी आपली उजवी. एकाने पट्ट्यांची दिशा लिहिली, दुसऱ्याने झटक्याची, तिसऱ्याने स्वतःची डावी-उजवी. यावर एकच उपाय आम्हाला टिकलेला दिसला आहे: ‘पट्टे पेशंटच्या उजवीकडून डावीकडे’ असं पूर्ण वाक्य लिहायचं, बाण काढायचे नाहीत.

आणि बघायचं काय, तर आकडा कमी, फरक जास्त. दोन्ही दिशांना झटके सारखेच कमजोर असतील तर बहुतेक वेळा पेशंट कंटाळलेला, पेंगुळलेला किंवा पलीकडे भिंतीकडे बघत असतो. एका दिशेला छान आणि दुसऱ्या दिशेला गळालेले, तिथे थांबायचं. पॅरायटल म्हणजे मेंदूचा वरचा, मागच्या बाजूचा भाग. आजारी पॅरायटल भागाच्या बाजूला पट्टे जातात तेव्हा प्रतिसाद मंदावतो. उजव्या पॅरायटल भागात गाठ असेल तर पट्टे उजवीकडे नेताना. दोन्ही डोळ्यांना डावीकडची अर्धी बाजू दिसत नसेल आणि ड्रमवर अशी विषमता असेल, तर दोष मेंदूच्या अगदी मागे नाही, पॅरायटल भागात शोधावा. अगदी मागच्या, ऑक्सिपिटल भागात रक्तवाहिनी बंद पडली असेल तर दृष्टी तेवढीच जाते, ड्रम मात्र दोन्हीकडे सारखा चालतो. स्कॅन सहज मिळण्याआधी या फरकाला फार वजन होतं. आता ते वजन कमी झालं आहे, तरी स्कॅनच्या अर्जावर कुठला भाग नीट पाहा हे लिहायला तो अजून उपयोगी पडतो.

दोन डोळ्यांमधला फरक पकडायला ड्रमसारखं दुसरं साधन नाही. डाव्या डोळ्याला नाकाकडे वळवणाऱ्या जोडणीत दोष असेल, तर नुसतं ‘उजवीकडे बघा’ म्हटल्यावर तो कधीकधी कसाबसा पोहोचतो आणि सगळं ठीक वाटतं. पट्टे डावीकडे फिरवा. उजवीकडचा प्रत्येक झटका मारताना उजवा डोळा फटकन जातो, डावा रेंगाळत मागून येतो. वीसेक झटक्यांत एकदा तरी हे नजरेत भरतंच.

उभे पट्टे आडवे करून वर-खालीही बघावं. इथे एक खबरदारी: निरोगी माणसांतही पट्टे वर जाताना प्रतिसाद बरा आणि खाली जाताना कमी असू शकतो, त्याला आजार समजू नये. पट्टे खाली नेताना डोळे झटक्याने वर जायला हवेत. त्याऐवजी ते एकमेकांकडे वळून खोबणीत आत ओढल्यासारखे झाले, तर मध्यमेंदूच्या मागच्या भागाकडे बोट जातं. पार्किन्सनसारख्या दिसणाऱ्या एखाद्या पेशंटमध्ये आडवे झटके ठीक, पण वर-खालीचे जवळजवळ नाहीसे झालेले आढळले, तर तो पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, पार्किन्सनसारखा दिसणारा मेंदूचा वेगळा आजार) असू शकतो. जन्मजात निस्टॅग्मसमध्ये कधी सगळंच उलटं दिसतं, झटका पट्ट्यांच्याच दिशेने. पहिल्यांदा पाहणारा माणूस ड्रम उलटा धरला की काय म्हणून आधी स्वतःवरच शंका घेतो.

बाळांची गोष्ट वेगळी. नुकतं दूध पिऊन जागं असलेलं, आईच्या मांडीवरचं बाळ हवं; भुकेलं बाळ रडतं आणि पेंगुळलेलं डोळे वर करतं. ड्रम ३० सेंटिमीटरच्या आसपास, वेग सावकाश. दोन्ही डोळे उघडे असताना नवजात बाळातही झटके दिसतात, आणि या वयात दिसतंय की नाही एवढं कळायला ते पुरेसं असतं. मग एक डोळा पट्टी लावून झाकायचा. तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळात पट्टे कानशिलाकडून नाकाकडे गेले तर डोळा मागे जातो, नाकाकडून कानशिलाकडे गेले तर जवळजवळ नाही. हे त्या वयाला बरोबरच आहे. पुढच्या काही महिन्यांत दोन्ही दिशा सारख्या होतात. पण अगदी लहानपणी तिरळेपणा आलेला असेल तर हा फरक राहून जातो, मोठेपणीही राहतो. ‘डोळा कधीपासून तिरळा?’ या प्रश्नाला घरातल्यांचं उत्तर अनेकदा फोटो शोधण्यावर जातं; ड्रम अर्ध्या मिनिटात सांगतो की दोष जुना आहे. पट्टी लावल्यावर बाळ एक-दोन मिनिटंच सहन करतं. त्यामुळे आधी नाकाकडची दिशा घेऊन डोळा मागे जातो याची खात्री करावी आणि लगेच दुसरी घ्यावी.

मग येतात ‘मला काहीच दिसत नाही’ म्हणणारे, आणि तपासण्यांत काही न सापडणारे. ड्रमवर झटके आले तर दृष्टी पूर्ण गेलेली नाही, एवढं पक्कं. पण किती आहे? इथे अंशांचा हिशेब लागतो. ६/६ दृष्टीला अक्षराची रेघ १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. आपला पट्टा २ अंशांहून किंचित जास्त, म्हणजे सव्वाशे कला. तेवढा पट्टा दिसायला अगदी क्षीण दृष्टीही पुरते. म्हणून जाड पट्ट्यांवर झटके आले आणि कुणी ‘नजर चांगली आहे’ असं लिहिलं, तर ते चूक. याच मापाच्या ड्रमवर चढेल अशी दुसरी, १५२ पट्ट्यांची बारीक पट्टी ठेवावी. पट्टा ३.३ मिलिमीटर, म्हणजे ५७ वर २० कला, साधारण ६/१२० च्या तोडीचा. ती सावकाश फिरवायची, एक फेरी १२ सेकंदांना. जोरात फिरवली तर काळं-पांढरं मिसळून करडं दिसतं आणि चांगल्या डोळ्यालाही झटके येत नाहीत.

उलट्या बाजूने मात्र ड्रम काहीच सिद्ध करत नाही. ठरवलं तर कुणीही ड्रमच्या पलीकडे, भिंतीकडे नजर लावून किंवा नजर सैल सोडून झटके थांबवू शकतो. तेव्हा ड्रम २८.५ वर आणावा, पलीकडची भिंत कमी दिसते. त्यानेही भागलं नाही तर साधारण ३० बाय ४० सेंटिमीटरचा आरसा चेहऱ्यासमोर धरून हळूहळू डावी-उजवीकडे झुकवावा. सगळी खोली आणि स्वतःचा चेहरा सरकताना डोळे स्थिर ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही. एकाच डोळ्याची तक्रार असेल तर दोन्ही डोळे उघडे ठेवून ड्रम सुरू करायचा, लय बसली की न बोलता चांगला डोळा तळव्याने झाकायचा. ड्रम थांबवायचा नाही. झटके तसेच चालू राहिले तर उत्तर मिळालं. दिव्यांग प्रमाणपत्राच्या किंवा अपघाताच्या दाव्याच्या कागदावर ‘सोंग’ हा शब्द लिहू नये. काय दाखवलं, कुठल्या अंतरावर, किती रुंदीच्या पट्ट्याला प्रतिसाद आला, तेवढंच लिहावं. खरोखर मानसिक कारणाने ज्याला दिसेनासं झालं आहे, त्याच्याही ड्रमवर झटके येतातच, आणि तो खोटं बोलत नसतो.

आकडे हवे असतील तर व्हीएनजीची, म्हणजे कॅमेऱ्याने डोळ्यांची हालचाल मोजण्याची, खोली. तिथे इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा गॉगल बाहुली पकडतो आणि पट्टे भिंतभर, नजरेचा बहुतेक भाग व्यापतील असे पाडले जातात. नुसत्या एलईडीच्या पट्टीवर सरकणारे ठिपके म्हणजे परस्यूटचीच तपासणी. अहवालावर ओकेएन छापलं म्हणून ती ओकेएन होत नाही. आपल्याकडे पहिली अडचण काजळाची. कॅमेऱ्याला काळी कड म्हणजेच बाहुली वाटते आणि आलेख उड्या मारतो. ‘मावशी, काजळ पुसून या’ म्हटल्यावर घाईने पुसलेलं काजळ आणखी पसरतं. तेव्हा तेल लावलेला कापूस आणि मग कोरडा बोळा. जाड पापणी खाली येत असेल तर ती चिकटपट्टीने हलकी वर धरावी. कॅलिब्रेशनच्या ठिपक्यांवर पेशंट नीट थांबला नाही तर पुढचे सगळे अंश खोटे, मग यंत्र कितीही महागाचं असो.

समजा पट्ट्यांचा वेग सेकंदाला ४० अंश. एका दिशेला हळू टप्पा ३२ निघाला, दुसऱ्या दिशेला २०. म्हणजे गेन (डोळ्यांचा वेग भागिले पट्ट्यांचा वेग) ०.८ आणि ०.५. विषमता काढायची तर फरक १२, बेरीज ५२, साधारण २३ टक्के. आम्ही २५ च्या आत असेल तर एकदा पुन्हा घेतो आणि तेवढाच आला तर नोंदवून सोडतो. वर गेला तर पेशंटला उठवून, चहापाणी करवून अर्ध्या तासाने परत. अंधारातही आधीपासून ५ अंशांचा निस्टॅग्मस असेल तर तो एका बाजूला मिळतो आणि दुसऱ्या बाजूला वजा होतो, त्यामुळे कानाच्या आजारातही विषमता दिसते. ती मेंदूच्या खात्यावर टाकू नये.

मिनिटभर पट्टे दाखवून एकदम दिवे घालवले, की अंधारात डोळे त्याच दिशेने झटके देत राहतात आणि हळूहळू विझतात. यासाठी अंधार खरा हवा. एसीचा हिरवा आकडा, चार्जरचा लाल ठिपका, दाराखालची फट, यांतलं एक जरी दिसलं तरी डोळे त्यावर स्थिरावतात आणि झटके जातात. काळी चिकटपट्टी लावा, दाराशी जाड चादर टाका. पेशंटला डोळे उघडे ठेवायला सांगत राहा, अंधार झाला की बरेच जण मिटतात. भिंतभर पट्ट्यांपुढे माणसाला स्वतःच फिरतोय असं वाटू लागतं, त्यामुळे हात असलेली खुर्ची द्यावी आणि जेवून लगेच ही तपासणी घेऊ नये. मळमळ सुरू झाली तर पट्टे मंद करत बसू नये, बंदच करावेत आणि समोरच्या स्थिर वस्तूकडे बघायला सांगावं.

हल्ली टॅबलेटवर पट्टे चालवणारी ॲप वापरतात. २५ सेंटिमीटर रुंदीचा पडदा ४० सेंटिमीटरवरून ३५ अंशांचाच दिसतो, म्हणजे हेही भिंतभर नव्हे. त्याहून फसवी गोष्ट पडद्याच्या चित्रांची. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्याच्या एका जोडीला सेकंदाला ३० पेक्षा जास्त वेळा सरकावं लागलं, तर सिनेमातल्या चाकासारखे पट्टे उलटे जाताना दिसतात. जोडी ४ अंशांची आणि वेग ४० असेल तर सेकंदाला १० वेळा, काही बिघडत नाही. जोडी १ अंशाची आणि वेग तोच ठेवला तर ४० वेळा, आणि ॲप म्हणतं उजवीकडे, डोळे म्हणतात डावीकडे. अशा वेळी पेशंटला तपासण्याआधी शेजारच्या सहकाऱ्याला पडद्यासमोर बसवा. त्याचेही डोळे उलटे गेले तर पट्टे जाड करा किंवा वेग निम्मा करा.